दर डिसेंबरात गेटपाशी बसकण मारणारा कुत्रा : मुंबईच्या थंडीतल्या फेरीची दुरुस्ती

अडचण अशी. वर्षाचे नऊ-दहा महिने पहाटे साडेपाचला साखळीचा आवाज आला की दारात हजर होणारा कुत्रा डिसेंबर लागला की कुरकुरायला लागतो. लिफ्टमधून उतरतो, लॉबीत चार पावलं टाकतो आणि गेटपाशी बसकण मारतो. ओढलं तर खोकतो. कसाबसा निघालाच तर मागचा एक पाय घासत चालतो. होळीच्या सुमाराला सगळं आपोआप ठीक होतं, आपण विसरून जातो, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच.

आमचा खंड्या अकरा वर्षांचा आहे. जात-बीत काही नाही, मुलुंडच्याच रस्त्यावरचा. चंपाषष्ठीच्या दिवशी पार्किंगमध्ये सापडला म्हणून खंडोबाच्या नावाने खंड्या. (जाता जाता: त्या दिवशी कुत्र्यालाही नैवेद्य घालायची पद्धत असते. रोडगा खुशाल द्या, पण घरच्या भरतात कांदा-लसूण पडलेला असेल तर ते देऊ नका. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.)

हे गेटपाशी बसणं आमच्याकडे तीन हिवाळे चाललं. पहिल्या वर्षी निदान झालं, ‘थंडी वाजते बिचाऱ्याला’. स्वेटर आला. दुसऱ्या वर्षी, ‘म्हातारा झाला आता’. तिसऱ्या वर्षी नवऱ्याने जाहीर केलं की नाटकं आहेत सगळी. तिन्ही निदानं चुकीची होती असं नाही, पण तिन्ही अर्धवट होती. गेटपाशी बसणं हे एकच लक्षण, त्याखाली तीन वेगवेगळ्या भानगडी होत्या, आणि आम्ही दर वेळी एकीवर उपाय करून बाकीच्या दोघी तशाच ठेवत होतो.

‘मुंबईत कसली आलीय थंडी’ हे मला बिल्डिंगमधल्या किमान दहाजणांनी ऐकवलंय. खरंही आहे. जानेवारीत सांताक्रूझच्या वेधशाळेत रात्रीचं तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असतं. १९६२च्या जानेवारीत ते ७.४ पर्यंत उतरलं होतं, तो अजून विक्रम आहे. दुपारी मात्र तोच पारा ३०-३१ वर जातो. म्हणजे धडधाकट कुत्रा इथे गारठून आजारी पडेल अशी शक्यता फार कमी. त्रास देतं ते थंडीबरोबर येणारं बाकीचं: खाली साचलेली घाण हवा, उशिरा उगवणारा सूर्य, रात्रभर लादीवर पडून आखडलेले सांधे. नेटवर ‘थंडीत कुत्र्याची काळजी’ शोधलं की बर्फ, मीठ आणि पायातल्या बुटांचं वर्णन मिळतं. ते चुकीचं नाही, ते मुलुंडचं नाही एवढंच.

आधी एक वही करा

वही म्हणजे आमच्याकडे कालनिर्णयची मागची बाजू, जिथे एरवी दुधाचा हिशेब असतो. रोज चार गोष्टी लिहायच्या. किती वाजता खाली उतरलो, कुठे अडला, खोकला की नाही, आणि कुठला पाय घासत होता. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तीन-चार दिवस तशीच ठेवायची. स्वेटर घातला, वेळ बदलली आणि गोळीही सुरू केली, तर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आमची पहिली दोन वर्षं यातच गेली.

मी सगळ्यात आधी फक्त वेळ बदलली. साडेपाचऐवजी सव्वाआठ. ऑफिसची लोकल चुकवून, रजा टाकून, शनिवार-रविवार धरून चार दिवस. खोकला दुसऱ्याच दिवशी निम्म्यावर आला. पाय तसाच घासत होता. म्हणजे खोकल्याचं आणि पायाचं कारण एक नाही, एवढं तरी कळलं.

वेळ आणि हवा

पहाटे लवकर फिरवा, हा सल्ला एप्रिल-मेचा आहे. तेव्हा डांबर तापतं, पंजे भाजतात, म्हणून उजाडायच्या आत उरकायचं. आपण तेच वेळापत्रक डिसेंबरात तसंच चालवतो आणि फसतो.

थंडीत होतं असं की रात्री आभाळ मोकळं असतं, जमीन पटकन गार होते आणि तिला चिकटलेली हवाही गार, जड होऊन खालीच बसते. वर त्यापेक्षा उबदार हवेचा थर, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा. रस्त्यावरचा धूर, बांधकामाची धूळ, कुणी पेटवलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली. त्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही जेमतेम. समुद्रावरून येणारा वारा थंडीत दुपारपर्यंत सुरू होत नाही. कुलाब्याला समुद्र तीन बाजूंनी आहे, त्यांचं थोडं बरं चालतं. आम्ही मुलुंड-भांडुपवाले एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी यांच्यामध्ये. चढावरच्या रस्त्यावरून सकाळी सहाला खाली बघितलं की लाल बहादूर शास्त्री (एलबीएस) मार्गावर राखाडी चादर पसरलेली दिसते. माणसाचं नाक त्या चादरीत पाच फुटांवर असतं, कुत्र्याचं अर्ध्या-एक फुटावर. शिवाय तो जमीन हुंगत चालतो. रस्त्याच्या कडेला साचलेली सिमेंटची बारीक पूड तो अक्षरशः नाकाने झाडत जातो.

आमच्या गल्लीत सध्या तीन इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. २०२३च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामांसाठी धुळीची नियमावली काढली: भोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचा फवारा, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं. तीनपैकी एक जण पाळतो. मी फेरीचा रस्ता त्याच्या बाजूने वळवला.

सूर्य वर आला, जमीन तापली की झाकण हळूहळू उघडतं. म्हणून थंडीत फेरी आठ-साडेआठनंतर, आणि लांबची फेरी हवी असेल तर दुपारी चार ते साडेपाच. नोकरीमुळे सकाळी लवकर जावंच लागत असेल तर ती फेरी फक्त शू-शीपुरती ठेवा, दहा मिनिटं. पळवणं, बॉल टाकणं संध्याकाळी. धापा टाकताना कुत्रा कितीतरी पट जास्त हवा आत ओढतो, त्यामुळे घाण हवेत चालवण्यापेक्षा पळवणं जास्त वाईट.

हवेचा निर्देशांक मोबाइलवर बघता येतो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप आहे. २००च्या पुढे ‘खराब’ हा वर्ग सुरू होतो. पण जवळचं केंद्र तुमच्या गल्लीपासून चार किलोमीटरवर असू शकतं, म्हणून माझं मोजमाप वेगळं आहे. समोरच्या टॉवरच्या गच्चीवर विमानांसाठी लाल दिवा आहे. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून लख्ख दिसला तर आम्ही खाली. त्याच्याभोवती तांबूस पिसारा दिसला तर चहा आणखी एक कप आणि फेरी अर्धा तास उशिरा. तीन महिन्यांच्या नोंदींत हा दिवा तीन-चारदाच चुकला.

शेकोटीचं वेगळं सांगते. आमचे वॉचमनकाका रात्रपाळीला गेटबाहेर शेकोटी करायचे. त्यात सुकी पानं, पुठ्ठा, आणि हाताला लागेल ते प्लास्टिक. खंड्या गेटपाशीच का बसतो याचं अर्धं उत्तर तिथे धुमसत होतं. तो धुराकडे तोंड करून बसायचा आणि पुढे जायला नकार द्यायचा. आम्ही त्याला अडेलतट्टू म्हणत होतो! भांडण करून काही झालं नसतं. कचरा पेटवायला बंदी आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, पण गार वाऱ्यात रात्रभर खुर्चीवर बसायचं त्यांना होतं, मला नव्हतं. सोसायटीकडून केबिनमध्ये छोटा हीटर आणि एक जाड जॅकेट मंजूर करून घेतलं. काका म्हणाले, “ताई, हे आधी का नाही केलंत?” यावर मी काय बोलणार. शेकोटी दुसऱ्या गल्लीत असेल तर एक ध्यानात ठेवा, वरून विझलेली दिसणारी राख आतून तासन् तास गरम असते. पंजा पडला तर भाजतो.

पहिली चार पावलं

आता पाय. इथे बघायचं ते एवढंच की कुत्रा कधी लंगडतो. उठल्या उठल्या आखडलेला असेल आणि पाच-दहा मिनिटं चालल्यावर मोकळा होत असेल, तर बहुतेक सांधे. चालत गेल्यावर लंगडणं वाढत असेल तर सांध्यांवर ढकलू नका. पंज्यात काच, नखाची इजा, गुडघ्याचा स्नायुबंध, काहीही असू शकतं आणि ते डॉक्टरांनीच बघायला हवं. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा दोष आनुवंशिक असू शकतो, तिथे वय लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

थंडीने संधिवात होत नाही. असलेला वर येतो. खंड्याचा उजवा मागचा पाय एक्स-रेत दोन वर्षांपूर्वीच झिजलेला दिसला असता, आम्ही काढलाच नव्हता. वर्षभर तो निभावून न्यायचा. डिसेंबरात रात्रभर गार लादीवर पडल्यावर निभायचं नाही.

त्यात आमच्या लॉबीचा ग्रॅनाईट. पहाटे पाचला गाड्या पुसणारी मुलं बादल्या घेऊन येतात, पार्किंग ओलं, तेच पाणी लॉबीत. एके दिवशी मी खंड्याच्या मागे न चालता पुढे जाऊन, खाली वाकून, त्याचे पाय बघत उभी राहिले. लिफ्टचं दार उघडलं. त्याने पुढचे पाय टाकले, ते टिकले. मागचा उजवा ठेवला आणि तो इंचभर बाहेर घसरला. त्याने तो उचलून घेतला, तीन पायांवर उभा राहिला, कान मागे. मग पुन्हा ठेवला, नखं दगडावर खरखरली. गेटपर्यंत पंधरा-सोळा फूट, एवढ्यात चार वेळा घसरला आणि पहिली खडबडीत फरशी आली तिथे मटकन बसला. गेटपाशीच का, याचं उरलेलं अर्धं उत्तर हे. आम्ही तीन वर्षं त्याच्या तोंडाकडे बघत होतो, पायाकडे कुणी पाहिलंच नाही.

उपाय स्वस्त निघाले. लिफ्टपासून गेटपर्यंत रबरी मॅटची पट्टी. आम्ही उतरायच्या वेळी टाकतो, येताना गुंडाळतो. नखं कापली, कारण वाढलेल्या नखांमुळे पंज्याची गादी नीट टेकत नाही. तळव्यांमधले केस वाढले असतील तर तेही छाटा. घरात झोपायला लादीवर आधी गोणपाट, त्यावर गोधडी. नुसती मऊ गादी नको, म्हाताऱ्या कुत्र्याला तिच्यातून उठता येत नाही. आणि खाली उतरण्याआधी घरातच पाच मिनिटं: हॉल ते स्वयंपाकघर सहा-सात फेऱ्या, जमिनीवर गालिचा असेल त्या बाजूने. फार गारठा असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खुब्यावर दहा मिनिटं. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. एक पाऊण तासाची फेरी सोडून तीन पंधरा-पंधरा मिनिटांच्या. वजन जास्त असेल तर बाकी कशाच्याही आधी ते उतरवायला घ्या.

आता जे करू नका ते. घरातली दुखण्याची गोळी त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, यातलं काहीही स्वतःच्या मनाने नाही. आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या मात्रेने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड आणि यकृत बिघडतं. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी मिळतात, डॉक्टर वजन बघून देतात. बामही चोळायचा नाही. कापूर आणि विंटरग्रीनचं तेल त्वचेवर राहत नाही, ते तो चाटून पोटात घेतो आणि दोन्ही विषारी आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला प्रेमाने बाटली आणून दिली होती. मी ती माझ्याच गुडघ्यांना लावते.

खोकला एकच नसतो

गेटपाशी ओढल्यावर खोकला यायचा त्याचं कारण माझ्या हातात होतं: गळ्यातला पट्टा. ओढला की श्वासनलिकेवर दाब. छातीवरून जाणारा हार्नेस घातल्यावर तो खोकला संपला. पॉमेरियन, पग, चिवावा असल्या लहान चणीच्या कुत्र्यांत श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडण्याचा आजार असतो. त्यांच्या खोकल्याचा आवाज बदकाच्या ओरडण्यासारखा, कोरडा. त्यांना तर बारा महिने हार्नेसच हवा, पट्टा फक्त बिल्ला अडकवायला.

दुसरा खोकला संसर्गाचा. घशात काहीतरी अडकल्यासारखा, खोकून खोकून शेवटी पांढरा फेस. आधीच्या दोन ते चौदा दिवसांत तो इतर कुत्र्यांत मिसळलेला असतो. नाताळच्या सुट्टीत लोक गावाला, गोव्याला जातात, कुत्री बोर्डिंगमध्ये, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या बिल्डिंगभर हा खोकला. त्याला केनेल कफ म्हणतात. बोर्डेटेला नावाचा जिवाणू आणि काही विषाणू मिळून तो होतो. धडधाकट कुत्रा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो, पिल्लाला आणि म्हाताऱ्याला न्यूमोनिया होऊ शकतो. लस मिळते, बोर्डिंगच्या काही आठवडे आधी द्यायची. खोकणाऱ्या कुत्र्याला बागेत नेऊ नका, दुसऱ्याच्या वाटीत तोंड घालू देऊ नका, खोकला थांबल्यावरही आठवडाभर लांबच ठेवा.

तिसरा खोकला मला भीती घालतो. रात्री किंवा आडवा पडल्यावर येतो, आणि कुत्रा लवकर दमतो. हा हृदयाचा असू शकतो. तपासायची सोपी रीत: गाढ झोपला की तीस सेकंद छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा, दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत असायला हवं. सलग दोन-तीन रात्री त्याच्यावर येत असेल तर मोजत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

उरलेला खोकला धुराचा. फक्त बाहेर, फक्त ठरावीक वेळी. वेळ बदलली की जातो.

दवाखान्यात कुत्रा कधीच खोकत नाही, हा सार्वत्रिक अनुभव. मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून न्या. आमच्या डॉक्टरबाईंनी माझं पंधरा मिनिटांचं वर्णन शांतपणे ऐकलं आणि व्हिडिओ बघून दहा सेकंदांत म्हणाल्या, “पट्टा काढा.”

स्वेटर

पहिल्या वर्षीचा तो स्वेटर लाल होता, लोकरीचा, गोंड्याचा. निघताना खंड्या छान दिसत होता. परतताना तो जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, आणि आठवड्याने पुढच्या पायांच्या काखेत कातडी सोलवटली होती. गोंडा त्याने खाल्ला. तो दुसऱ्या दिवशी शीतून परत मिळाला, नशीब.

कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. त्याचं नेहमीचं तापमानच ३८.३ ते ३९.२ अंश असतं, त्यामुळे आपल्या हाताला तो नेहमी गरमच लागणार. लॅब्राडोर, हस्की, गोल्डन, स्पिट्झ, ज्यांना आत दाट लव आहे, त्यांना मुंबईत स्वेटर लागत नाही. उलट नोव्हेंबरात त्यांचे केस भादरून मग स्वेटर चढवणं हा आपण शोधून काढलेला उद्योग आहे. स्वेटर लागतो तो आखूड केसांच्या सडपातळ कुत्र्याला, पिल्लाला, म्हाताऱ्याला, आजारातून उठलेल्याला. तोही सुती पुरतो. मी नवऱ्याचा जुना टी-शर्ट बाह्या कापून घालते, पोटाकडे गाठ. ऊन आलं की काढायचा. ओला झाला तर लगेच काढायचा, कारण ओलं कापड अंगावर असण्यापेक्षा काहीच नसलेलं बरं. अंघोळ दुपारी, आणि पूर्ण सुकेपर्यंत खाली नाही.

अंधार

जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सहाला. म्हणजे साडेपाचची तीच फेरी जूनमध्ये फटफटताना होते आणि जानेवारीत मिट्ट काळोखात. काळा-तपकिरी कुत्रा दुचाकीवाल्याला दिसतच नाही. हार्नेसवर चमकणारी पट्टी किंवा छोटा लुकलुकणारा दिवा लावा, साखळी आखूड धरा.

डोंगराच्या कडेला राहणाऱ्यांनी, म्हणजे मुलुंड, भांडुप, आरे, बोरिवली, ठाण्याचं येऊर, हे जास्त मनावर घ्यावं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे अंधारात वस्तीच्या कडेला येतात आणि कुत्रं हे त्यांचं नेहमीचं खाद्य आहे. मोकळा सोडलेला कुत्रा झुडपात वास घेत शिरला तर तुम्ही काही करू शकत नाही. उजाडल्यावर जा, साखळी सोडू नका, सगळा प्रश्नच मिटतो.

संक्रांतीच्या आधी-नंतरचा आठवडा मांज्याचा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली आहे, तरी मैदानाच्या कडेला गुंतवळं पडलेली असतात. पायात अडकल्यावर कुत्रा ओढतो आणि बोटांच्या मध्ये कापत जातं. खिशात छोटी कात्री ठेवा, ओढून सोडवू नका. एक तारखेच्या सकाळी कोंबडीची हाडं आणि केकचे तुकडे रस्ताभर असतात. मनुके आणि चॉकलेट दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. त्या दिवशी फेरी सोसायटीच्या आतच.

पंजे, आणि खरी थंडी

कोरड्या हवेने तळवे भेगाळतात. रात्री थोडं खोबरेल, जास्त नको, सगळं चाटतोच. थंडीत कुत्री पाणी कमी पितात, दोन वाट्या वेगवेगळ्या जागी ठेवल्या की थोडं वाढतं. फेरीवरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे पुसा, म्हणजे सिमेंटची पूड जिभेवर जात नाही.

माझी भाची टोरंटोला असते. मी मुंबईच्या थंडीवर एवढं बोलते म्हणून ती हसते. तिच्याकडे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते तळव्यांना झोंबतं आणि चाटलं तर पोट बिघडतं. बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकतात. तिचा कुत्रा पंजे आळीपाळीने उचलायला लागला की ती जिथे असेल तिथून मागे फिरते. गाडीच्या रेडिएटरमधलं न गोठणारं द्रव गोडसर असतं, थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मनालीला कुत्रा घेऊन जाणार असाल तर हे सगळं तुम्हालाही लागू. तिथे बूट लागतील. ते निघायच्या पंधरा दिवस आधीपासून घरात घालून सवय लावा, नाहीतर तिथे तो पुतळ्यासारखा उभा राहील.

खरोखर गारठलेल्या कुत्र्याची खूण: आधी थरथरतो, मग थरथरणं थांबतं, सुस्तावतो, हिरड्या फिकट आणि गार पडतात. थरथर थांबली म्हणजे बरं वाटलं असं समजू नका, उलटं आहे ते. मुंबईत हे बहुतेक भिजलेल्या पिल्लांचं होतं. कोरडं करा, ब्लँकेटात गुंडाळा, कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात लपेटून कुशीला ठेवा आणि दवाखाना गाठा. गरम पाण्यात बुडवू नका. ब्रँडीचे दोन थेंब तर अजिबात नकोत. दारू कुत्र्याला विष आहेच, शिवाय तिने रक्तवाहिन्या फुगतात आणि उरलीसुरली ऊबही निघून जाते.

हिरड्या निळसर दिसल्या, बसल्या जागी तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, फेरीत कोलमडला, किंवा मागचे पाय ओढत राहिला, तर वही, दिवा, मॅट सगळं बाजूला ठेवा. रात्री-अपरात्री कुठला दवाखाना उघडा असतो त्याचा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक असतं, पण मुलुंडहून तिथे पोचायला किती वेळ लागेल तेही मोजून ठेवा.

आणि खालच्या कुत्र्यांचं एवढंच. रस्त्यावरच्या कुत्रींची बरीचशी पिल्लं याच महिन्यांत होतात, आणि ती उबेला नुकत्याच थांबलेल्या गाडीखाली शिरतात. सकाळी गाडी काढण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, खाली वाकून बघा. त्यांना चादर देऊ नका, ती दवाने भिजते. भिंतीच्या आडोशाला दुहेरी गोणपाट टाका.

खंड्याची कालनिर्णयवरची आजची नोंद: सव्वाआठ. दिवा लख्ख. मॅटवर घसरला नाही. उजवा पाय पहिली चार पावलं, मग ठीक. खोकला नाही. गेट न थांबता पार केलं. परत येताना मात्र कोंबडीवाल्याच्या दुकानासमोर बसला तो सात मिनिटं हललाच नाही. त्याला सांध्यांचं, हवेचं, पट्ट्याचं, कसलंच कारण मला सापडलेलं नाही.